दोन पात्यांचे गाव आणि आकाशातली हद्द

माळव्यातील मराठी माणसाला राज्याची हद्द म्हणजे काय, हे भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागले नाही. ती त्याच्या दारावरून गेलेली होती. देवासचेच उदाहरण घ्या. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी येथे जम बसविला आणि पुढे त्यांच्या वंशजांच्या दोन स्वतंत्र गाद्या एकाच गावात नांदू लागल्या. एक थोरली पाती, दुसरी धाकटी पाती. राजवाडे दोन, दरबार दोन, कचेऱ्या दोन, आणि दोन्ही राज्यांची हद्द गावातल्या रस्त्यावरून गेलेली. विसाव्या शतकाच्या आरंभी थोरल्या पातीचे क्षेत्रफळ ४४६ चौरस मैल आणि धाकटीचे ४४० चौरस मैल भरत असे. एवढी काटेकोर वाटणी भावाभावांच्या शेतातही सहसा दिसत नाही! प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून येथे काही महिने राहिले होते. त्या मुक्कामावर त्यांनी लिहिलेले ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले आणि आमच्या गावचे हे दुहेरी वैभव साता समुद्रापलीकडे पोहोचले.

१९४८ साली ही सारी संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. हद्दी पुसल्या गेल्या, नाके उठले, आणि नव्या पिढीला थोरली पाती व धाकटी पाती हे शब्द मोहल्ल्यांच्या नावांसारखे वाटू लागले. आमचे थोरले चुलत बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, ते नेमके त्याच वर्षी जन्मले. त्याच वर्षी कुमार गंधर्व प्रकृतीच्या कारणाने देवासला राहावयास आले. दादांच्या बोलण्यात या तीन घटना नेहमी एकत्र येतात, आणि त्यांतील सर्वांत महत्त्वाची कोणती, हे ते ऐकणाऱ्यावर सोपवतात.

गेल्या हिवाळ्यात दादांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, जर्मनीहून तीन आठवड्यांच्या रजेवर आला. तो फ्रायबुर्ग येथे अभियंता आहे. येण्याचे कारण आनंदाचे नव्हते. वहिनी जाऊन वर्ष झाले होते, दादा देवासच्या जुन्या घरात एकटे होते, आणि घर विकून वडिलांना आपल्याबरोबर न्यावे, असे त्याच्या मनात होते. दादांनी पत्रातून, टेलिफोनवरून आणि अखेरीस मौनाने त्याला नकार कळविलेला होता. काकाने मध्यस्थी करावी म्हणून मला धारहून बोलावणे आले. मी धारला शासकीय विद्यालयात मुख्याध्यापक आहे, आणि मध्यस्थी हा मुख्याध्यापकाचा अर्धा व्यवसायच असतो.

पहिल्याच दिवशी घराची कागदपत्रे काढण्यात आली. दादांनी फडक्यात बांधलेले एक जुने दप्तर पुढे ठेवले. त्यात मोडीतील पावत्यांची दोन वेगळी बिंडे होती. आमचे आजोबा थोरल्या पातीत कारकून होते. राहते घर थोरल्या पातीत, आणि रस्त्यापलीकडची विहीर व परसू धाकटीत. म्हणून एक सारा इकडे भरायचा आणि एक तिकडे. पुतण्या ती बिंडे बराच वेळ उलटसुलट करून पाहत होता. मग म्हणाला, “काका, मी दर महिन्या-दोन महिन्यांनी अशाच एका ठिकाणी विमान उतरवतो.”

त्याला छोटे विमान चालविण्याचा खासगी परवाना आहे, हे आम्हांला ऐकून ठाऊक होते. पण त्याचा अर्थ काय, हे कोणी कधी विचारले नव्हते. दादांच्या दृष्टीने तो मुलाचा एक महागडा छंद होता, आणि छंदाविषयी वडिलांनी विचारपूस करू नये, अशी आमच्या घरची रीत आहे.

संध्याकाळी आम्ही दोघे टेकडीवर गेलो. देवासची टेकडी म्हणजे तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन देवींचे स्थान. एकीला बडी माता म्हणतात, दुसरीला छोटी माता. येथेही दोन! आता वर जाण्यास रज्जुमार्ग झाला आहे, पण आम्ही पायऱ्यांनीच गेलो. वरून सारे शहर, कारखान्यांची धुरांडी, इंदूर-उज्जैनकडे जाणारे रस्ते आणि मध्ये पसरलेले गव्हाचे हिरवे पट्टे दिसतात. तेथे बसून त्याने मला आपल्या उड्डाणाची हकीकत सांगितली. ती जशी ऐकली तशी येथे देतो. कारण देशोदेशींच्या हद्दींचे जे ज्ञान मला वर्तमानपत्रांतून झाले नव्हते ते त्यातून झाले.

तो ज्या मंडळाचा सभासद आहे त्या मंडळाचे सेस्ना १७२ जातीचे विमान आहे. चार आसनांचे, एका इंजिनाचे, भरलेल्या स्थितीत जेमतेम अकराशे किलो वजनाचे, आणि ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर वेगाने जाणारे. सभासदाने तासाच्या हिशेबाने भाडे भरून ते न्यावयाचे. परवान्यासाठी युरोपात निदान ४५ तासांचे उड्डाण-शिक्षण घ्यावे लागते, शिवाय हवामान, कायदा, दिशाज्ञान यांच्या लेखी परीक्षा. फ्रायबुर्गहून नैर्ऋत्येस साधारण पन्नास किलोमीटरवर बाझेल-म्यूलूझ नावाचे मोठे विमानतळ आहे. छोट्या विमानाला ही मजल पाव तासाची.

या विमानतळाचे वैशिष्ट्य असे, की तो संपूर्णपणे फ्रान्सच्या भूमीवर असूनही फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांचा आहे. बाझेल हे स्विस शहर. त्याला विमानतळासाठी पुरेशी सपाट जागा आपल्या हद्दीत मिळेना. दुसरे महायुद्ध संपल्यावर फ्रान्सने जमीन द्यावी आणि स्वित्झर्लंडने बांधकामाचा भार उचलावा असे ठरले, आणि १९४९ साली उभय देशांत तसा तह झाला. इमारतीचा एक भाग फ्रेंच, एक भाग स्विस. बाझेल शहरापासून स्विस भागापर्यंत फ्रेंच भूमीतून कुंपण घातलेला एक स्वतंत्र रस्ता आहे; त्यावरून येणारा माणूस जकातीच्या दृष्टीने स्वित्झर्लंडमधून बाहेर पडतच नाही. एकाच विमानतळाला तीन सांकेतिक नावे आहेत: एक बाझेलचे, एक म्यूलूझचे आणि एक दोघांचे मिळून.

हे ऐकून मला हसू आले. मी म्हणालो, “म्हणजे आपले देवासच की!”

“तेच तर मघाशी पावत्या पाहून वाटले,” तो म्हणाला. “फरक एवढाच, की तेथे कोणत्या दाराने बाहेर पडायचे ते आधी ठरवावे लागते. फ्रेंच दाराने गेलो तर मी युरोपीय संघाच्या आतच आहे, कोणी काही विचारत नाही. स्विस दाराने गेलो तर पारपत्र पाहत नाहीत, पण पिशवीत काय आहे ते विचारू शकतात.”

याचा उलगडा त्याने असा केला. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्याजवळ मोझेल नदीतील एका बोटीवर पाच देशांनी करार केला, आणि १९९५ पासून त्यांच्या आपसांतील हद्दींवरील पारपत्रांची तपासणी उठू लागली. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत २००८ च्या अखेरीस आले, पण युरोपीय संघाच्या जकातसंघात मात्र ते नाही. म्हणून माणसाची हद्द पुसली गेली, तरी मालाची हद्द राहिली. जुन्या माळव्यात याच्या उलट नव्हते, पण असेच काहीसे होते. आजोबांना थोरल्या पातीतून धाकटीत विहिरीवर जाण्यास कोणी अडवीत नसे. सारा आणि सायर-जकात यांचे हिशेब मात्र ज्याचे त्याच्याकडे. हद्द ही एक रेषा नसून अनेक रेषा एकावर एक काढलेल्या असतात, आणि त्या सगळ्या एकाच वेळी पुसल्या जात नाहीत, ही गोष्ट मला त्या टेकडीवर प्रथमच स्पष्ट झाली.

आकाशातील हद्दीला तर कायद्याचा भक्कम आधार आहे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या करारात पहिलेच कलम असे आहे, की प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण आणि अनन्य स्वामित्व असते. त्याच करारानुसार परदेशातून येणाऱ्या विमानाला, तेथील सरकार सांगेल तर, जकातीची सोय असलेल्या विमानतळावरच उतरावे लागते. विमानाचे नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वैमानिकाचा परवाना, रेडिओचा परवाना आणि प्रवासनोंदींची वही हे सारे विमानात बाळगावे लागते. मग विमान चारशे आसनांचे असो की चार. पुतण्या सीमा ओलांडून जाण्यापूर्वी उड्डाणाची योजना लेखी कळवितो: कोण, कोठून, कोणत्या वाटेने, विमानात माणसे किती, इंधन किती तास पुरेल. इंग्लंडला जायचे तर आणखी निराळे. तो देश शेंगेन व्यवस्थेत कधीच नव्हता आणि २०२० साली युरोपीय संघातूनही बाहेर पडला. तेथे जाणाऱ्या छोट्या विमानाच्या चालकाला निघण्याच्या निदान दोन तास आधी विमानातील प्रत्येकाची माहिती सरकारला कळवावी लागते.

मी विचारले, “मोठ्या विमानतळावर तुमच्या या चिमण्या विमानाला कोणी विचारतो का?”

“विचारतात, आणि फारच विचारतात!” तो म्हणाला. “आधी परवानगी घ्या, वेळ ठरवून घ्या. उतरल्यावर व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीला पैसे द्या, अंगात पिवळे चकचकीत जाकीट घाला, आणि शंभर पावले चालायची असली तरी त्यांच्या मोटारीतून जा. कधीकधी हा खर्च इंधनाच्या खर्चाहून अधिक होतो.”

परंतु खरे अवघड असते ते उतरणे. मोठी जेट विमाने ज्या वेगाने धावपट्टीकडे येतात त्याच्या निम्म्या वेगाने सेस्ना येते. शिवाय जेटच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे मागे राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण छोट्या विमानाला उलथून टाकण्याइतके जोरदार असतात. म्हणून १३६ टनांहून अधिक वजनाच्या विमानामागून उतरताना छोट्या विमानाला सहा सागरी मैल, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, अंतर ठेवावे लागते. नियंत्रक रेडिओवरून सांगतो, अमुक गावावर घिरट्या घालत थांबा. आणि हा थांबतो. मग दोन जेटच्या मध्ये जागा सापडली की त्याला आत घेतात. धावपट्टी ३,९०० मीटर लांब, आणि याला लागते त्यातील पाचशे मीटरही नाही. “हत्तींच्या मिरवणुकीत शेळी चालवावी तसे वाटते,” तो म्हणाला. फ्रान्समधील कित्येक लहान धावपट्ट्यांवर रेडिओवर केवळ फ्रेंचच चालते. म्हणून त्याने चाळिशीत फ्रेंचचे शंभरभर शब्द पाठ केले. भाषा हीसुद्धा एक हद्दच, आणि ती ओलांडण्यास कोणत्याही कराराचा उपयोग होत नाही. माळव्यात तीन शतके राहूनही घरात मराठी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादांना बरोबर घेऊन मोटारीने धारला निघालो. देवासहून धार आकाशमार्गाने सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी किलोमीटर भरेल. सेस्नाने पंचवीस मिनिटांची मजल. आम्हांला इंदुरातील गर्दीमुळे तीन तास लागले. दादा मागच्या आसनावर बसून हिशेब करीत होते. १९४८ पूर्वी या वाटेवर देवास, होळकर आणि धार अशा निदान तीन राज्यांच्या हद्दी लागत. पुतण्या म्हणाला, “दादा, मी पाव तासात दोन देश करतो.” दादा म्हणाले, “आम्ही बैलगाडीत बसून केली असती तीन.” त्या दोन दिवसांत बापलेकांत झालेला हा पहिला सरळ संवाद.

इंदूरला बिजासनचा विमानतळ आम्ही बाहेरूनच पाहिला. होळकर सरकारने ही जागा १९३५ साली निवडली ती टाटांच्या विमानखात्याचे नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या सल्ल्याने. १९३७ च्या नोव्हेंबरात टाटांनी मुंबई-दिल्ली विमानसेवा सुरू केली. तिचे मुक्काम होते इंदूर, भोपाळ आणि ग्वाल्हेर. तिन्ही संस्थानी राजधान्या! ब्रिटिश हिंदुस्थानातून निघालेले ते छोटे विमान संस्थानिकांच्या धावपट्ट्यांवर उतरत दिल्लीस पोहोचे. आज देवी अहिल्याबाई होळकरांचे नाव धारण करणाऱ्या याच विमानतळावरून जुलै २०१९ मध्ये दुबईला पहिले विमान गेले, आणि जकात व पारपत्र-तपासणीची खिडकी येथे उघडली. म्हणजे शिकागोच्या करारातील भाषेत सांगायचे तर इंदूर हद्दीवरचे गाव झाले, जरी खरी हद्द तेथून शेकडो मैल दूर असली तरी. विमानाच्या युगात देशाची वेस देशाच्या मध्यभागीही असू शकते.

छोट्या विमानातून देशांच्या हद्दी ओलांडणारे आपल्याकडे पूर्वी नव्हते असे नाही. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने, एका महिन्याच्या आत विमानाने तोडणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. १९३० साली त्यासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबूकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पींच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. पुढे अस्पी काही तास आधी पोहोचले आणि पारितोषिक त्यांना मिळाले. मनमोहनसिंग नावाच्या तिसऱ्या वैमानिकाची मुदत एका दिवसाने हुकली. ही गोष्ट मी पुष्कळ वर्षे प्रार्थनेच्या वेळी मुलांना सांगत आलो आहे. ती स्पर्धेची गोष्ट आहे, की प्लग देण्याची, हे मुलांनी ठरवावे.

धार दिसू लागली ती तळ्यांनी आणि किल्ल्याने. याच किल्ल्यात १७७५ साली दुसरे बाजीराव जन्मले. लाट मशिदीपाशी जुन्या लोहस्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. ते पाहून पुतण्या अभियंत्याच्या नजरेने बराच वेळ लोखंड चाचपीत होता. परंतु धारचे आणि आकाशाचे नाते आणखी जुने आहे. अकराव्या शतकातील राजा भोज याच्या नावावर असलेला ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्रावरील ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गणपतिशास्त्री यांनी १९२४-२५ साली संपादून प्रसिद्ध केला. त्याच्या यंत्रविधानाच्या अध्यायात हलक्या लाकडाच्या पक्ष्यासारख्या यंत्राचे वर्णन आहे. त्याच्या पोटात पाऱ्याचे पात्र आणि खाली अग्नी, आणि त्या बळाने माणूस आकाशात जातो, असे तेथे म्हटले आहे. यंत्रांची घडण पूर्ण सांगितलेली नाही ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्तता राखण्यासाठी, असेही ग्रंथकार सांगतो.

आमच्या पिढीतील पुष्कळांना हे वाचून आपल्या पूर्वजांनी विमाने उडविली असे वाटते. मी पुतण्याला ते वर्णन वाचून दाखविले तेव्हा तो आदराने ऐकत राहिला. मग म्हणाला, “काका, पारा तापवून उचल मिळत नाही, आणि त्याची वाफ विषारी. पण आकाशात जावे असे धारमध्ये बसून कोणालातरी नऊशे-हजार वर्षांपूर्वी वाटले, ही गोष्ट काय लहान आहे?” मला हे उत्तर पटले. इच्छा आणि यंत्र यांत अंतर असते, आणि ते अंतर लपवून पूर्वजांचा गौरव होत नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्याला शाळेत नेले. धारला सरकारी धावपट्टी आहे, त्यामुळे नेत्यांची हेलिकॉप्टरे आणि लहान विमाने मुलांनी पाहिलेली असतात; पण विमान चालविणारा माणूस आपल्या फळ्यापुढे उभा राहिलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्याने फळ्यावर ऱ्हाइन नदी काढली, तीन देश काढले आणि मधोमध विमानतळ काढला. प्रश्न पुष्कळ आले. नववीतील एका मुलीने विचारले, “सर, वरून ती रेषा दिसते का?”

“नदी दिसते,” तो म्हणाला. “जेथे नदी नाही तेथे शेते दिसतात. एक शेत जर्मनीतले, पुढचे फ्रान्समधले, पीक तेच. रेषा फक्त नकाशावर असते, आणि रेडिओवर नियंत्रकाचा आवाज बदलतो तेव्हा कळते.”

मग तिने दुसरा प्रश्न विचारला. “शिकायला पैसे किती लागतात?”

वर्ग हसला. तो मात्र हसला नाही. त्याने फळ्यावर सरळ आकडे मांडले: आपल्या देशात खासगी परवान्यासाठी निदान ४० तासांचे उड्डाण, व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास. प्रत्येक तासाचा खर्च काही हजारांत, म्हणजे एकूण अनेक लाख रुपये. त्या मुलीचे वडील सुतारकाम करतात, हे मला ठाऊक होते, त्याला नव्हते. ती आकड्यांकडे पाहत राहिली. मुख्याध्यापकाला असे क्षण परिचयाचे असतात आणि कधीही सोपे नसतात. खोटी आशा देणे हे पाप, आणि आशा काढून घेणे हे त्याहून मोठे पाप. मी पुढे होऊन राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाची माहिती दिली. तेथे निवडलेल्या छात्रांना हलक्या विमानातून उड्डाणाचा अनुभव पैशांवाचून मिळतो. मुंबईच्या आरोही पंडित या तेवीस वर्षांच्या मुलीने मे २०१९ मध्ये एका हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला, स्कॉटलंडहून आइसलंड आणि ग्रीनलंडमार्गे कॅनडात, हेही सांगितले. पुतण्याने फळा पुसण्यापूर्वी एवढेच म्हटले, “गणित सोडू नकोस.” ती आता दर शनिवारी ग्रंथालयात येऊन विमानविद्येवरचे हिंदी पुस्तक वाचते. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण पुस्तक तिच्या नावावर चढविले आहे, आणि परत करण्याची तारीख मी घातलेली नाही.

दादा वर्गात मागच्या बाकावर बसून हे सारे ऐकत होते. घरी परतल्यावर त्यांनी मुलाला जवळ बोलाविले आणि विचारले, “तुझ्या त्या विमानतळावर सारा कोण घेतो? फ्रेंच की स्विस?” त्याने सांगितले, की याच प्रश्नावर त्या दोन देशांत बरीच वर्षे वाटाघाटी चालल्या होत्या. दादा प्रसन्न झाले. “म्हणजे तिथेही दप्तर असणार,” ते म्हणाले.

मग मुख्य गोष्ट निघाली. पुतण्याने घराचा विषय काढला नाही. तिकडच्या व्हिसाचे नियम सांगितले. भेटीसाठी येणाऱ्याला शेंगेन देशांत कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येते. त्याहून अधिक राहावयाचे तर मार्ग वेगळा, लांबचा आणि वृद्ध पालकांसाठी फारच अरुंद. हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. ज्याच्या विमानाला पाव तासात दुसऱ्या देशात जाण्यास कोणी अडवीत नाही, त्याला आपल्या वडिलांना आपल्या घरी नव्वदाहून एक दिवस अधिक ठेवणे इतके कठीण! “घर विकून चला” हा त्याचा आग्रह मुळात कशावर उभा होता, हे त्या वेळी त्याच्याही ध्यानात आले असावे. विकून गेलेल्या घरी एक्क्याण्णवाव्या दिवशी परत येता येत नाही.

दादांनी बोटे मोडीत हिशेब केला. “एकशे ऐंशीत नव्वद. म्हणजे निम्मे तिकडे, निम्मे इकडे.” आणि ते चक्क हसले. “अरे, मग आम्हां देवासकरांना यात नवीन काय आहे? एक पाती इथे, एक पाती तिथे. दोन्हीकडचा सारा भरू.”

मी विचारले, “दादा, थोरली पाती कोणती?”

“ते मी ठरवीन,” दादा म्हणाले.

घर विकायचे नाही, असे ठरले. पुढच्या दोन खोल्या देवासला शिकावयास येणाऱ्या मुलांना भाड्याने द्यायच्या आणि मागची बाजू दादांनी ठेवायची. मोडी पावत्यांची ती दोन्ही बिंडे मी वाचून त्यांची देवनागरी प्रत करून द्यायची आहे. काम सुरू आहे, आणि धाकट्या पातीच्या पावत्यांचे अक्षर थोरलीपेक्षा चांगले आहे, एवढे निष्पक्षपातीपणे नमूद करतो. पारपत्राचे काम झाले आहे. उन्हाळा लागण्यापूर्वी दादा जातील आणि पावसाळा लागल्यावर परततील, असा बेत आहे. दोन देशांचा तो विमानतळ पाहायचा, हे त्यांनी पक्के केले आहे. मात्र तेथे आगगाडीने जायचे की मुलाच्या एका इंजिनाच्या विमानाने, हे त्यांनी अद्याप कोणालाही सांगितलेले नाही.